मगदूम साहेबांनी न दिलेली चिठ्ठी

आधीच सांगून टाकतो, भूत, चकवा, अंगात येणं असल्या भानगडी मी मानत नाही. आमच्या गावच्या चिंचेखाली मी कितीदा एकटा झोपलोय. एक मुंगळा सोडला तर आजवर कुणी चावलेलं नाही. तरी या सदरासाठी लिहायला बसलोय... कारण ही गोष्ट भर दिवसा, पत्र्याच्या खणखणाटात, तीस माणसांच्या देखत घडली.

दुसऱ्या महायुद्धाचा काळ. सांगलीत माधवनगरच्या रस्त्याला एका शेठजींचा पत्र्याच्या ट्रंकांचा कारखाना होता. मिल्ट्रीची ऑर्डर जोरात. मी इस्लामपूरकडच्या खेड्यातला, एकोणीस वर्षांचा, नवाच लागलेला. काम एकच — ट्रंकेला कड्या ठोकायच्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कड्या! रात्री डोळे मिटले तरी कड्याच दिसायच्या.

आणि डोक्यावर मॅनेजर मगदूम साहेब. खरोखरच डोक्यावर! लाकडी जिन्याच्या वर त्यांची केबिन, तिला धुरकट काचेची खिडकी. खालून साहेब दिसायचे म्हणजे एक काळी टोपी दिसायची. टोपी हलली की तीस माना खाली. लघवीला जायला तीस जणांत मिळून एक पितळी बिल्ला होता. तो घेऊन गेलेला माणूस परत येईपर्यंत बाकीच्यांनी देवाचं नाव घ्यायचं! बोलायचं नाही, हसायचं नाही, शिंकलात तर वरून टेबलावरची घंटी. घंटी एकदा वाजली की 'गप बसा', दोनदा वाजली की 'वर या'. दाराला एक छोटी झडप होती, चिठ्ठ्या तिथूनच आतबाहेर. सही जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं. ती पेन्सिल दोरीनं कोटाच्या काजाला बांधलेली, आणि दर सहीला जिभेवर ओली करून करून साहेबांची जीभ कायमची जांभळी झालेली. महिन्यातून एकदा खाली येऊन सांगायचे, "मी इथं नसलो तरी इथंच असतो. ध्यानात ठेवा!"

माझा थोरला भाऊ, दादा, बेळगावला पलटणीत होता. गावच्या माणसाकडून त्याचा निरोप आला — "मंगळवारी दुपारी बाराला आमची गाडी मिरजेला थांबंल. तिथनं मुंबई, मग बोट. जमलं तर ये रं." दोन वर्षं मी त्याला पाहिलं नव्हतं. आईनं शेंगदाण्याच्या चटणीची पुरचुंडी पाठवली होती, ती मी उशाशी घेऊन झोपत होतो.

सोमवारी झडपेपाशी उभा राहून अर्ज केला. आतून आवाज आला, "लढाईला कोण चाललाय?"

"दादा, साहेब."

"मग तो जाईल. तू कड्या ठोक."

झडप बंद. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी प्रत्येक कडी साहेबांचं डोकं समजून ठोकली.

मंगळवार उजाडला. काचेआड टोपी होती. अधूनमधून एकेरी घंटीही वाजली, 'गप बसा'वाली. दहा वाजले, साडेदहा वाजले... आणि घंटी वाजली. ठण्‌... ठण्‌!

शेजारचा तातोबा, आमच्यातला जुना माणूस, मान वर न करता म्हणाला, "तुलाच बलावतंय. जा, खा शिव्या."

मी वर गेलो. झडप उघडली आणि एक चिठ्ठी बाहेर आली. 'भावास भेटून येणे. घाई करू नये.' खाली सही. जांभळी, ओली.

"लय उपकार झालं, साहेब!" आतून नेहमीचा खोकला ऐकू आला, बस्स.

तातोबाची सायकल घेतली, खोलीवरनं पुरचुंडी उचलायची होती. दारावर जाधव हवालदार होते, लष्करातून निवृत्त झालेले. चिठ्ठी उलटसुलट बघून म्हणाले, "साहेब आत हायती? मला येताना दिसलं न्हाईत गड्या."

"वर हायत की! घंटी ऐकली न्हाई का तुमी?"

"ऐकली तर." त्यांनी डोकं खाजवलं. "सही हाय न्हवं? मग जा. हुकूम त्यो हुकूम."

मिरजेत दादा भेटला. वाळलेला, काळवंडलेला, पण तसाच हसणारा. पुरचुंडी तिथंच सोडून नुसती चटणी खायला लागला. पाऊण तासात सुटायची गाडी सुटेचना. मी सवयीनं दोनदा उठलो, दोनदा चिठ्ठी काढून वाचली... घाई करू नये. परत बसलो. चांगले दोन तास बोललो आम्ही. गाडी हलली तेव्हा दादा खिडकीतून ओरडला, "तुझा साहेब देवमाणूस हाय रं!" मी पहिल्यांदाच साहेबांना शिवी दिली नाही.

परत आलो तर कारखाना थंड. सगळे जिन्याखाली उभे. शेठजींच्या घरचा गडी सांगून गेला होता की मगदूम साहेब पहाटेच्या सर्व्हिस मोटारीनं शेठजींबरोबर साताऱ्याला गेलेत, उद्या येतील! तातोबा वर जाऊन बघून आला. दाराला बाहेरून कुलूप. सकाळी मी ते पाहिलंच नव्हतं... झडपेकडे बघू की कुलपाकडे?

"आयला!" तातोबा म्हणाला. "मग आमी सकाळपासनं कुणाच्या भ्यानं राबतोय?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला वर बोलावलं. किल्ली आणि पेन्सिल, दोन्ही काल त्यांच्याबरोबर साताऱ्यात होती. आता माझी नोकरी गेली हे नक्की. त्यांनी पेन्सिल जिभेला लावली, कोऱ्या कागदावर सही केली, माझी चिठ्ठी शेजारी ठेवली. शेपटीसकट तीच.

"सही माझी आहे," साहेब बारीक आवाजात म्हणाले. "पण 'घाई करू नये' हे मी जन्मात लिहिणार नाही."

"साहेब, तुमीच म्हनला हुता... नसलो तरी इथंच असतो म्हून."

साहेब आपल्याच खुर्चीकडे बघत दोन पावलं मागं सरकले. मग चिठ्ठी माझ्या हातात कोंबली. "ही तुझ्यापाशी ठेव. माझ्या टेबलात नको."

त्या दिवसापासून साहेब स्वतःच्याच केबिनचं दार वाजवून आत जायचे. आम्ही खाली तोंडात बोळे कोंबून हसायचो.

पुढं पावसाळ्यात दादाच्या पलटणीची तार आली. तो परत यायचा नव्हता. आईला मी मिरजेतल्या त्या दोन तासांतला शब्द न्‌ शब्द सांगितला. रोज सांगायला लावायची.

चिठ्ठी अजून माझ्या ट्रंकेत आहे. ती कुणी लिहिली, घंटी कुणी वाजवली, मला आजतागायत उलगडलेलं नाही. साहेबांना मात्र उलगडलं असावं. दादाचे दिवस करून मी कामावर परतलो तेव्हा घंटी दोनदा वाजली. मी जिना चढून आधी कुलूप बघितलं! नव्हतं. साहेब आत होते, उभेच. खुर्चीत बसायचं त्यांनी कमीच केलं होतं.

"ती चिठ्ठी आहे का रे?"

मी दिली. त्यांनी दोनदा वाचली.

"भेट नीट झाली होती ना?"

"झाली, साहेब. दोन तास."

साहेबांनी चिठ्ठीची नीट घडी घालून मला परत दिली.

"मग बरं केलं मी, दिली ते."