न दिलेली हाक

हे बायकोला ठाऊक नाही. माय गेली, तिलाही कळलं नाही. एकदा तापीत गळ्याइतक्या पाण्यात उभा राहिलो, म्हटलं नदीला तरी सांगून टाकू — तर तिथूनही दात आवळूनच बाहेर आलो. आता तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरंच आहे.

मी बुऱ्हाणपूरकडच्या फोपनारचा, केळीवाला. डोकं पहिल्यापासून तापट — शाळेत मास्तरांनी कान धरला तर मी त्यांच्या हाताला चावलो होतो, यावरून समजा. बाप लवकर गेला, मग घरात माझाच शब्द. आपण एकदा ठरवलं की ठरवलं, ब्रह्मदेव आला तरी मागं हटणार नाही, असं मी पारावर बसून सांगायचो. माझ्याच घरात माझ्याहून पक्कं माणूस वाढतंय, हे मला काय माहीत?

पूनम, माझी धाकटी बहीण. तिनं ठरवलं, पोलिसात जायचं. मी ठरवलं, खकनारच्या पाहुण्यांकडे द्यायची. मी तर जबान देऊन बसलो होतो. मायसमोर ती म्हणाली, "जबान तू दिली भाऊ, मी नाही दिली."

मी अशी कानाखाली वाजवली की तिचा ओठ फाटला. तिनं पदरानं नाही, ओढणीनं नाही, तळहातानं रक्त पुसलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा दौडायला गेली. मी तिचे बूट कोयत्यानं चिरले. ती अनवाणी धावली. एकदा वेणी धरून तिला रस्त्यावरून ओसरीपर्यंत ओढत आणलं — शेजारी दारात उभे, मधे कुणी पडलं नाही. माय रडली. पूनम रडली नाही. तेच मला खुपायचं! एकदा रडली असती तर... पण नको. सबब सांगायला नाही बसलो मी.

आता कापणीचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. केळीचा घड दोघं मिळून उतरवतात. एक जण कोयत्यानं दांडा कापतो, दुसरा खांद्यावर गोणपाट टाकून खाली उभा राहतो. कापणारा हाक देतो — "घे!" खालचा म्हणतो, "हां!" मगच कोयता. भरलेला घड म्हणजे काय फुलांचा हार आहे का? हाक न देणाऱ्याच्या हाती कोयता देऊ नये, असं माझा बाप म्हणायचा.

खकनारच्या पाहुण्यांनी नाही म्हणून कळवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी आमची कापणी होती. मजूर कमी पडले, म्हणून पूनम घड वाहायला आली. भरतीची परीक्षा जवळ आली होती — दौड, उडी आणि गोळा फेकणं. गोळा ती उजव्या हातानं फेकायची. परसात दगड फेकून फेकून तिनं भिंतीचं प्लास्टर पाडलं होतं. त्याच उजव्या खांद्यावर गोणपाट होतं.

मी कापणार त्या घडाखाली ती उभी राहिली. पायात काहीतरी रुतलं होतं, ते बघायला वाकली. हाक आली की सरळ व्हायचं — तेवढा भरवसा माझ्यावर अजून होता. पोरीला मी मारत होतो, आणि तरी होता!

"घे" माझ्या जिभेवर आलं. खरंच आलं होतं. मी ते गिळलं आणि कोयता घातला.

घड सरळ तिच्यावर. गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, वाळकं लाकूड मोडावं तसा. ती तोंडावर पडली. केळीचा चीक आणि रक्त एकाच मातीत. आणि मला — सांगू का? — मला बरं वाटलं. छाती मोकळी झाली. तो क्षण किती लहान होता, ते विचारू नका, तो होता.

मग मीच ओरडलो, पलीकडच्या ओळीतल्या मजुरांना ऐकू जाईल असं, "हाक दिली ना मी! लक्ष कुठं होतं तुझं?" तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तर म्हणाली, "माझंच लक्ष नव्हतं."

त्या वर्षीची परीक्षा गेली. हाड वाकडं जुळलं, उजवा हात खांद्याच्या वर जाईना. मी मनात म्हटलं, संपलं एकदाचं. संपतंय कसलं! हात झोळीत असतानाच ती परसात डाव्या हातानं दगड फेकायला लागली. आधी पायाशीच पडायचे. माय म्हणायची, बाई गं, पुरे. पुढच्या भरतीत तिनं गोळा डाव्या हातानं फेकला आणि निवडली गेली.

गावानं सत्कार ठेवला. तिला शाल, आणि — ऐका — मलाही शाल, नारळ. बापाच्या जागी उभा राहून बहिणीला घडवणारा भाऊ! टाळ्या पडल्या. मी हात जोडले. ती शेजारच्या खुर्चीवर वर्दीत बसली होती, समोर बघत.

त्यानंतरच्या कापणीला ती सुट्टी घेऊन आली. कुणी बोलावलं नव्हतं. गोणपाट डाव्या खांद्यावर टाकलं आणि नेमकी माझ्या कोयत्याखाली येऊन उभी राहिली. वाकली नाही. मान वर करून पात्याकडे बघत राहिली. कसंबसं ओरडलो, "घे!"

ती "हां" म्हणाली नाही.

"निघतो की भाऊ तुझा आवाज," ती म्हणाली. मग खांदा पुढे केला.

मी कापलं. तिनं घड झेलला आणि ट्रॉलीकडे चालू लागली. तिचं हाड मोडलं, त्या दिवशी मी हाक दिली नव्हती.