रुश्दीचं पायलटपण

रुश्दी अबू समरासारखा पोकळ माणूस अख्ख्या इस्माइलियात दुसरा नव्हता. मला विचारा, मी त्याच्याच होडीत वल्ह्यावर होतो. कालव्यातून जाणारं जहाज आमची होडी वर उचलून घ्यायचं. वाटेत थांबावं लागलं, की होडी खाली सोडायची आणि जहाजाचे दोर काठावरच्या खुंटांना नेऊन अडकवायचे. एवढंच आमचं काम. आमच्या हातांना घट्टे पडले, याच्या फक्त जिभेला.

सदुसष्टच्या लढाईत कालवा बंद झाला आणि आम्हाला गाव सोडून झगाझिगला जावं लागलं. तिथे शहानिशा कोण करणार? यानं ठोकून दिलं, "मी पायलट, जहाजं कालव्यातून पार नेणारा. कप्तान असेल समुद्रात. कालव्यात हुकूम माझा." या थापेवर तिथल्या फहमी मास्तरांनी आपली लेक इन्साफ त्याला दिली. पुढे कालवा उघडेपर्यंत जावईबापू सासऱ्याकडे भात भरलेली कबुतरं चापत बसले. हलकी कामं पायलटला शोभत नाहीत म्हणे!

पंच्याहत्तरमध्ये कालवा खुला झाला. आम्ही कामावर परतलो, इन्साफही इस्माइलियाला आली. एके दिवशी जावयाचा रुबाब बघायला मास्तर लेकीसोबत जेवणाची टोपली घेऊन काठावर उभे राहिले. नेमकं तेव्हाच वाळूचं वादळ उठलं. जहाज थांबलं, होडी खाली आली. सासरा दिसताच रुश्दीनं तोंडाला फडकं गुंडाळलं आणि दोर घेऊन काठावर उतरला.

"अहो रेईस," होडीचा म्होरक्या समजून मास्तरांनी त्यालाच गाठलं, "रुश्दीसाहेब वर आहेत ना?"

"आहेत. जहाज चालवतायत," हा घोगऱ्या आवाजात.

"जहाज तर थांबलंय!"

"मग... जेवतायत."

इन्साफ त्याच्या पायांकडे बघत होती. "साहेब जेवतायत, तर त्यांचे बूट तुमच्या पायात कसे? काल मीच टाके घातलेत त्यांना."

आम्ही होडीत हसू दाबत होतो.

"सोड ते फडकं," ती म्हणाली. "दोर ओढतो म्हणाला असतास, तरी मी हो म्हटलं असतं, मूर्खा!"

मास्तरांनी टोपली माझ्या हातात दिली. त्याच्याकडे पाहिलंही नाही.

इन्साफ बापाबरोबर झगाझिगला निघून गेली आणि तिथल्या शाळेत शिकवू लागली. रुश्दी एकदा तिला आणायला गेला. दार उघडेना. तरी शेजाऱ्यांना ऐकवून आलाच, "आता मला सगळ्या पायलटांवर साहेब नेमलंय."

तो अजून दोरच ओढतो. तोही सैल बांधतो.