तुळसीमामीच्या वीणेच्या तारा

माझे मामा, व्यासराज राव, मद्रासच्या जॉर्ज टाउनमधल्या एका लॉरी कंपनीत एकतीस वर्षं पार्सलं बांधत होते. कागदोपत्री ते क्लार्क, पण बांधणं त्यांनी कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. काचेच्या हंड्या, भिंतीवरची घड्याळं, दिल्लीला निघालेल्या लोणच्याच्या बरण्या, काय वाटेल ते त्यांच्यापुढे ठेवा. पेंढा भरायचा, खोक्याला कान लावायचा, हलकेच हलवायचं. आतून जरा जरी आवाज आला, तर सगळं उपसून पुन्हा भरायचं. "पार्सल बोललें की फुटलें," असं ते म्हणायचे. एकतीस वर्षांत त्यांचं एकही पार्सल फुटलं नव्हतं आणि हे ते येईल-जाईल त्याला ऐकवायचे. आम्ही भाचरं तर कंटाळून गेलो होतो. सकाळच्या डब्याला त्यांनी मारलेली गाठ घरात कुणालाच सुटायची नाही, म्हणून मामी चिडायची.

मामी म्हणजे तुळसीमामी. आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात मराठी बोलायचं, बाजारात तमिळ, आणि आमच्या बहुतेक बायकांना लिहा-वाचायला येतं तेही तमिळच. मामीला माहेरून दोन गोष्टी मिळाल्या होत्या, तिरसट स्वभाव आणि वीणा. वीणा तिच्या आईची, फणसाच्या एकाच ओंडक्यातून कोरलेली. तांबरमला मामांच्या दोन खोल्यांच्या घरात तिनं निम्म्या गल्लीच्या मुलींना शिकवलं. मग पन्नाशीतच संधिवातानं बोटं आखडली. वीणा कोपऱ्यात रेशमी कापडाखाली गेली. दर शुक्रवारी मामी तिला फूल वाहायची आणि एकेक तार छेडून बघायची.

त्यांची एकुलती मुलगी अंबुजा लग्न होऊन पुण्याला गेली होती. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात तिचं पत्र आलं, की पुन्हा वाजवावंसं वाटतंय. मामीनं त्याच दिवशी ठरवलं, वीणा पुण्याला पाठवायची. तिची अट एकच होती. अंबुजानं त्या वीणेवर वाजवून कॅसेट भरून पाठवायची. मोठं काही नको, अगदी पहिल्या धड्यातल्या सरळी, नुसतं सा-रि-ग-म, वाजवलं तरी चालेल. "मला एकदां ती वीणा तिच्या हातीं ऐकायची आहे," ती म्हणाली. मामीनं काही मागितलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं.

मामांनी सुताराकडून पेटी करून आणली. पेंढा आला, जुन्या सुती साड्या आल्या. त्या रविवारी मीही तिथे होते. वीणा मांडीवर घेऊन मामा सहज म्हणाले, "तारा उतरवूं या आतां."

मामीचा चेहरा पांढरा पडला. मामांना तारा सैल करायच्या होत्या, एवढंच. ताणलेल्या तारा दांडीला खेचून धरतात. त्यात लॉरीचे धक्के बसले, तर लाकूड तडकतं. पण मामीच्या माहेरी 'तारा उतरवणं' हे शब्द एकाच प्रसंगी उच्चारायचे. वाजवणारी बाई गेली, की दहाव्या दिवशी तिची मुलगी वीणेच्या तारा उतरवायची. मामीनं आपल्या आईच्या तारा स्वतः उतरवल्या होत्या.

"मी आहें अजून," मामी म्हणाली.

मामांनी जीभ चावली. मग समजूत घालायला लागले, की उतरवणं म्हणजे काढणं नव्हे, नुसतं सैल करणं. मामी म्हणाली, आता शब्द फिरवू नका, बोललात ते बोललात. एकदा तोंडातून गेलेलं तिच्या लेखी झालंच होतं. मी बावीस वर्षांची, अड्यारला एका ऑफिसात टायपिस्ट, स्वतःला भलती शहाणी समजणारी. मी म्हटलं, "मामा, तुमचं पार्सल कधी फुटतं का?" त्यांचीच फुशारकी मी त्यांच्या गळ्यात घातली. त्याची लाज मला अजून वाटते.

 तशाच ताणलेल्या तारांनिशी मामांनी वीणा पेटीत ठेवली, चारी बाजूंनी साड्या कोंबल्या, झाकण लावलं. सवयीनं कान लावून पेटी हलवली. आतून बारीक झंकार आला. पार्सल बोललं होतं. त्यांनी मामीकडे पाहिलं आणि खिळे ठोकले.

पंधरा दिवसांनी मामा ऑफिसातून लवकर घरी आले आणि चपलाही न काढता ओसरीवर बसले. वीणेची दांडी तडकली होती, पोटापर्यंत चीर गेली होती. पुण्याचा कारागीर म्हणत होता, ही आता ताण सोसणार नाही. मामांनी मामीला सांगितलं, की चूक माझी. एका बाजूला पेंढा कमी पडला.

मामी तीन दिवस बोलली नाही आणि नंतर दुसरं काही बोललीच नाही. जगाच्या बाटल्या नीट पोचवल्या, माझी वीणा तेवढी पोचवता आली नाही. पाहुण्यांसमोरही ती हे बोलून दाखवायची. मीसुद्धा एकदा म्हटलं, की परक्यांच्या सामानाला पेंढा पुरतो, घरच्याला कमी पडतो. मामा नुसतं तमिळमध्ये "सरी", म्हणजे बरं, म्हणायचे. ऑफिसात त्यांनी बांधणं सोडलं, पेट्यांवर नुसते पत्ते लिहायला लागले. एकतीस वर्षांची ती गोष्ट पुन्हा कुणाला सांगितली नाही.

मामीला आशा मात्र होती. लाकूड काय, सांधता येतं. शेजारच्या विद्युलताबाईंचा टेपरेकॉर्डर कॅसेट आली की मागून आणायचा, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं. सगळं बोलून झालं, की ती एकच प्रश्न विचारायची.

"तारा आहेत नां तिच्यावर?"

"आहेत," मामा म्हणायचे.

अठ्ठ्याऐंशीच्या पोंगलनंतर मामी अंथरुणाला खिळली. शेवटच्या दिवशीही तिनं तेच विचारलं आणि मामांनी तेच उत्तर दिलं. कॅसेट आली नाही.

अंबुजा आली. दहाव्या दिवशी घाटावरचे विधी आटोपून सगळे घरी आल्यावर मामीची वहिनी राजसबाई म्हणाली, "अंबुजे, पुण्यास गेलीस की आधीं तारा उतरव. तुळसीचें तेवढें राहिलें." अंबुजानं मान खाली घातली. मामा उठले. मामीच्या उशाशी भिंतीतलं कपाट होतं, त्याच्या वरच्या फळीवरून त्यांनी आपला जुना जेवणाचा डबा काढला. त्याला त्यांची ती गाठ होती. त्या दिवशी ती त्यांनाही सुटेना. मी कात्रीनं कापली.

आत कापसात गुंडाळलेल्या सात तारा होत्या.

मग अंबुजानं सांगितलं. तडकलेल्या वीणेवरचा ताण काढायला कारागिरानं पहिल्याच दिवशी तारा काढून टाकल्या होत्या. तारा सैल न करता ही पाठवली कुणी, असं त्यानं विचारलंही होतं. तिनं ते सगळं मराठीत लिहिलं, म्हणजे पत्र आईच्या हाती पडलं तरी तिला वाचता येऊ नये, आणि तारांसकट मामांच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलं. आई जिवंत असताना तिच्या तारा उतरल्या, हे आईला कसं सांगायचं?

"मग पेंढा कमी पडला म्हणून कां सांगितलं?" मी मामांना विचारलं. मला रडू आवरत नव्हतं. "चूक तुमची नव्हती."

"माझीच," मामा म्हणाले. "सैल करूं या म्हणालों असतों, तर तिनें ऐकलें असतें. मी उतरवूं म्हणालों." मग त्यांनी डबा अंबुजापुढे सरकवला. "आज उतरव, बाळ. आज उतरल्या असें समज."

अंबुजानं एकेक तार काढून मामीच्या फोटोपुढे ठेवली. मी रिकामा डबा उचलला. बुडाशी कापूस, कडेनं कापूस, झाकणालाही आतून कापूस चिकटवलेला. दीड वर्ष तो डबा मामीच्या उशाशी होता. ती कितीदा तरी त्या कपाटाची झाडलोट करायची, डबा उचलून खालची धूळ पुसायची. आवाज एकदाही आला नव्हता.