हजेरीचं दावं

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, पोलादपूरकडच्या कापडे गावाच्या वरच्या अंगाला आमचं गाव, तिथले पोलीस पाटील. मी लग्न होऊन आले तेव्हा सोळा वर्षांची. आमचे हे मुंबईला गिरणीत, त्यामुळे घरात मी, सासूबाई आणि मामंजी. त्या साली आमच्या ओसरीवर रोज तिन्हीसांजेला एक मुलगा हजेरीला येऊ लागला. मुलगा म्हणते खरी, पण माझ्याहून वर्ष-दोन वर्षांनी मोठाच असेल.

तोही गिरणीत होता. परत आला तो दारूची सवय घेऊन. पोलादपूरच्या बाजारात पिऊन मारामारी केली, एकाचं डोकं फोडलं. महाडच्या मॅजिस्ट्रेटांनी त्याचं वय बघितलं, पहिलाच गुन्हा बघितला, आणि तुरुंगात न घालता वर्षाचा मुचलका लिहून घेतला. वर्षभर दारूला शिवायचं नाही, रोज पाटलासमोर उभं राहायचं. चुकला की पाटलाने महाडला कळवायचं, मग तुरुंग. लिहिणाऱ्याला हे किती सोपं वाटलं असेल.

पहिल्याच आठवड्यात तो झोकांड्या खात आला. मामंजींनी दौत-टाक मागवला. त्याची विधवा आई आमच्या पायरीला डोकं लावून बसली, ती उठेचना. शेवटी मामंजी म्हणाले, "एकदा गिळतो. दुसऱ्यांदा नाय."

आता तुम्हाला सांगते, मी रोज ओढ्यावर पाण्याला जायची, म्हणून मला एक गोष्ट ठाऊक होती. त्याच्या वाडीतून आमच्याकडे यायची वाट ओढ्याच्या काठाने, आणि हातभट्टी तिथेच झाडीत. मोडली तरी आठ दिवसांत पुन्हा लागायची. तिचं गिऱ्हाईक जमायचं तिन्हीसांजेला. म्हणजे दारूला शिवू नकोस म्हणून सरकारने त्याला रोज बरोबर त्या वेळी त्या वाटेने चालवलं होतं. यायचा तो वास घेत, जायचा तोही वास घेत.

सुनेने सासऱ्यासमोर तोंड उघडायचा तो काळ नव्हे. मी सासूबाईंना सांगितलं, सासूबाईंनी मामंजींना, जसं काही त्यांनाच सुचलं. मामंजी म्हणाले, मग पाटीलकी पण तूच कर. पण दुसऱ्या दिवसापासून हजेरी उन्हं असतानाच बोलावली. आणि आलेल्या माणसाला दिवेलागण होऊन जाईपर्यंत बसवायचं तर हाताला काम हवं, म्हणून म्हशीचं दावं वळायला घेतलं.

दावं वळायला दोघं लागतात. एकाने टोकाला काठी अडकवून पीळ देत राहायचं, दुसऱ्याने भिजवलेला वाख, म्हणजे घायपाताचे धागे, सारखा सोडत मागे मागे सरायचं. पीळ मामंजी देत, वाख तो सोडी. पहिले दिवस त्याचे हात असे कापत की दोर कुठे मनगटाएवढा जाड, कुठे सुतासारखा बारीक. घाम फुटायचा, पोटात ठरायचं नाही. सासूबाई त्याच्या अंगावर घोंगडी टाकायच्या आणि मीठ घातलेली पेज पुढे ठेवायच्या. ओकला तर पुन्हा वाढायच्या. अंधार पडला की त्याची आई येऊन त्याला वरच्या लांबच्या वाटेने घेऊन जायची.

महिन्या-दीड महिन्याने दोर सारखा यायला लागला. एक दावं पुरं झालं की दुसरं लावायचे. मामंजी बोटांत धरून बघायचे आणि वहीत हजेरी मांडायचे. त्याच्याशी मी कधी बोलले नाही, पण दोर पाहिला की मला कळायचं, आजचा दिवस कसा गेला ते.

वर्ष भरलं. महाडहून मोकळं केल्याचा कागद आला. सासूबाईंनी त्याच्या हातावर गुळखोबरं ठेवलं, त्याच्या आईने डोळे पुसले, आणि तो गेला. उद्या ये, असं आमच्यातलं कोणी म्हणालं नाही. कागद संपला म्हणजे दुखणं संपलं असं आम्ही धरून चाललो. ही चूक आमची. त्याला नावं ठेवणारे पुष्कळ भेटले, म्हणून मी हे मुद्दाम लिहिते.

चार आठवड्यांत तो ओढ्याकाठी पडलेला दिसला. त्याची आई पुन्हा आमच्या पायरीवर. आता पुन्हा मारामारी झाली तर मुचलका नाही, सरळ तुरुंग, हे तिलाही कळत होतं.

मामंजी हताश होऊन म्हणाले, "आता माझा हुकूम चालत नाय त्याच्यावर."

सासूबाई तिला म्हणाल्या, "हुकूम कशाला हवा गो? दावं अर्धं राहिलं हाय, येवढं सांग त्याला."

खरंच शेवटचं लावलेलं दावं अर्धंच खुंटीला टांगलेलं होतं. तिसऱ्या दिवशी उन्हं असताना तो आला. अंगणात उभा राहिला, पायरी चढेना. मामंजी बघत होते, पण पाटील माणूस, त्यांच्याने ये म्हणवेना. सासूबाई गोठ्यात होत्या. मग मीच पदर ओढून दारात आले.

"भावजी, वाख भिजवलाय. वाळायच्या आत बसा."

तो बसला. त्या दिवसाचा दोर पहिल्या दिवसासारखाच आला, जाड-बारीक. मामंजींनी बोटांत धरून पाहिला आणि म्हणाले, राहू दे, पुढे वळ.

त्यानंतर तो कधी प्यायलाच नाही असं मी लिहिणार नाही. दोनदा-तीनदा प्याला. पण दुसऱ्या दिवशी उन्हं असताना यायचा, वहीत नाव नसताना यायचा. तुरुंग त्याने पाहिला नाही. ते दावं पुरं झालं, मग पुढचं लावलं. मामंजी गेल्यावर पीळ द्यायला मी बसू लागले.