मोरीमागचं अर्थिंग

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं आई जगाला सांगायची. त्या दुष्काळी उन्हाळ्यात तर तो शेंड्यावरून खाली उतरलाच नाही.

मुरुम गावात आमच्या पत्र्याच्या खोलीत मी कॉम्प्युटर जोडला होता. तयार आणलेला नव्हे, एकेक तुकडा गोळा करून जोडलेला. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून घरी बसलेली आणि बाबा एसटीत ड्रायव्हर, हैदराबादच्या गाडीवर. मी चिठ्ठीवर लिहून द्यायचे आणि बाबा परतीच्या फेरीत सीटखालून वस्तू आणायचे. कधी मदरबोर्ड, कधी रॅमच्या चिपा, कधी कुणाच्या ऑफिसातून निघालेला हिरव्या अक्षरांचा मॉनिटर. हार्ड डिस्क झेपणारी नव्हती, म्हणून दोन फ्लॉपी ड्राइव्हवर भागवलं. प्रिंटरसाठी मात्र मी अडून बसले. बिल कागदावर उमटणार नसेल तर त्या पेटाऱ्याचं लोणचं घालायचं होतं का?

कारण सगळं बिलांवरच अडलं होतं. दूध सोसायटीच्या चेअरमननी सोलापुरात कुठंतरी कॉम्प्युटरवर निघालेली बिलं पाहिली होती. बाबांनी त्यांना स्टँडवर गाठलं. ते म्हणाले, "गुरुवारी घरी येतो. दहा दिवसांची दुधाची बिलं पोरीला माझ्या डोळ्यांसमोर काढून दाखवू दे. निघाली तर ऑपरेटर तीच. न्हाय निघाली तर पुन्हा विषय काढायचा न्हाय." आई तेव्हा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होती. मला ती नोकरी मिळाली नसती तर तिच्या शेजारी हातोडा घेऊन मीच बसले असते.

आणि मशीन दगा देत होतं. चार-दोन बिलं नीट निघायची, मग नावांच्या जागी चांदण्या आणि तुटक्या रेघा उमटायच्या, आणि पडदा जागच्या जागी थिजायचा. मी कार्डं उपसून खोडरबरानं घासली. चिपा काढून परत बसवल्या. केबल बदलली. पॉवर सप्लायवर संशय घेऊन बाबांना दोनदा तो हैदराबादहून बदलून आणायला लावला. दुसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले, "तुम्ही दुकानदार देईल तो कचरा उचलून आणता!" घोडं मेलं ओझ्यानं, शिंगरू मेलं येरझाऱ्यानं, एवढंच आई चुलीपुढून पुटपुटली.

त्या सगळ्या आठवड्यात मशीन एकच दिवस सुतासारखं सरळ चाललं. रविवारी, मामा मुक्कामाला आला होता तेव्हा. का चाललं ते कळेना, त्यामुळं माझं डोकं आणखी फिरलं.

बुधवारी दुपारी मी अनवाणी उभी होते आणि कॅबिनेटला कोपर लागलं. झिणझिण्या आल्या. याआधीही यायच्या. "तुझं मशीन चावतं गं," असं आई म्हणायची आणि मी हसण्यावारी न्यायचे. आज टेस्टर लावला. लालभडक पेटला. अगं माय! कॅबिनेटमध्ये करंट, म्हणजे अर्थिंग गेलं. जो करंट जमिनीत मुरायचा तो माझ्या अंगावर आणि प्रिंटरच्या अक्षरांवर येत होता.

मी धावत घरामागं गेले. वायरमननं अर्थिंगचा पाईप मुद्दाम मोरीच्या मागं पुरला होता, आंघोळीच्या पाण्यानं जागा कायम ओली राहील म्हणून. तिथली माती भाजलेल्या विटेसारखी झाली होती. होणारच की! शिमग्यापासून मोरीत पाणी सांडलंच नव्हतं. आम्ही बाजेवर बसून तांब्याभर पाण्यात अंग ओलं करायचो, खाली घमेलं. त्या पाण्यात कपडे, उरलेलं अंगणातल्या लिंबाला. रविवारी मामा मात्र पाहुणा, म्हणून आईनं त्याला मोरीत बादलीभर पाणी दिलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! बाबांना हैदराबादपर्यंत पळवलं, मी घरामागं गेले नाही.

आता आईला सांगायचं कसं? टँकर शुक्रवारी येणार होता. घरात एक बादली आणि प्यायची घागर, एवढंच पाणी होतं.

"आई, उद्या सकाळी बादलीभर पाणी मातीत जिरवायला लागतंय."

"येड लागलं का गं तुला? लोक टँकरखाली डोकी फोडून घ्यायलेत, आन् तू मातीला पाजतीस?"

मी चिडून, हात ओवाळून, करंट आणि जमीन समजावलं. तिला किती कळलं कोण जाणे. तिनं बादलीत डोकावून पाणी जोखलं. मग म्हणाली, "मातीतच जायचंय न्हवं? मग माझ्या डोईवरनं जाऊ दे."

गुरुवारी सकाळी मी आईला मोरीत बसवून न्हाऊ घातलं. पाठ चोळली तशी खडीची भुकटी पांढऱ्या लोंढ्यानं वाहिली. "अजून थोडं घाल की गं," असं ती लहान मुलीसारखी म्हणाली. बादली रिकामी झाली. टेस्टर विझला.

बाबा ड्यूटीवर होते. चेअरमन एकटेच जीपमधून आमच्या बौद्धवाड्यात आले आणि खुर्ची ओढून प्रिंटरपाशी बसले. बिलं निघू लागली. ते एकेक कागद डोळ्यांजवळ धरून बेरीज पडताळत होते. अर्धी निघाली असतील, मी सहज कॅबिनेटवर हात ठेवला आणि बोटांत पुन्हा मुंग्या आल्या. तापलेल्या जमिनीनं बादली कधीच पिऊन टाकली होती.

"आई, मोरी!" मी ओरडले.

"काय झालं गं?" चेअरमननी विचारलं.

"काही नाही साहेब."

आतून घागर उचलल्याचा आवाज आला. मग मागच्या बाजूला पाणी पडल्याचा. माझा हात कॅबिनेटवरच होता. मुंग्या कमी झाल्या, थांबल्या. प्रिंटर करकरत राहिला आणि शेवटचं बिल बाहेर पडलं. एकही अक्षर चुकलं नाही.

"सोमवारपासून ये," चेअरमन म्हणाले. मला ओरडावंसं वाटलं. त्यांनी टोपी काढून वारा घेतला आणि दारात उभ्या आईला म्हणाले, "बाई, घोटभर पाणी द्या. घसा पार सुकला."

आई जागच्या जागी थिजली. गावातली मोठी माणसं आमच्या घरी आधीही आली होती, मतं मागायला आली होती. पाणी पुढं केलं की "आत्ताच पिऊन आलो" म्हणत उठायची. पाणी कुणी मागितलं नव्हतं.

चेअरमनना वाटलं, ती बिचकली. "अवो, म्या तसलं काय पाळत न्हाय. द्या बिनघोर."

"तसं न्हाय, साहेब," आई म्हणाली. तिनं आतून घागर आणली आणि त्यांच्यासमोर उपडी धरली. एक थेंब पडला नाही.

त्यांनी घागरीकडं पाहिलं, मग आईच्या ओल्या केसांकडं. न्हायला पाणी होतं, पाहुण्याला नाही, असंच त्यांना वाटलं असणार. चेहरा उतरला. "असू द्या, असू द्या," म्हणत ते टोपी घालून निघाले. मी मागं धावत अर्थिंगचं सांगू लागले, पण जीप सुरू झाली होती.

सोमवारी मी कामावर गेले, पुढं बरीच वर्षं काम केलं. चेअरमन मला कधी वाकडं बोलले नाहीत आणि आमच्या घरी त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. त्या गुरुवारी संध्याकाळी शेजारणी पोरीच्या नोकरीचं तोंड गोड करायला आल्या, तर आई भिंतीला टेकून बसलेली. प्रत्येकीला एकच सांगत होती, "मागितलं गं त्यानं. आपल्या घरात पाणी मागितलं, आन् म्या रिकामी घागर दावली."