वेलिकाआजी, शारो आणि जंतांचं खापर

वेलिकाआजीचं सारं आयुष्य तंबाखूची पानं ओवण्यात गेलं. नवरा वारला, मुलगा शहरात गेला, आणि डोंगरातल्या घरात ती आणि तिचा ठिपक्याठिपक्यांचा कुत्रा शारो एवढीच दोघं उरली. ताटातली अर्धी बनित्सा, म्हणजे चीज भरलेली खुसखुशीत पोळी, ती त्याला देई, आणि वर मुस्काट धरून मुका घेई.

उन्हाळ्यात सून गालिना आपल्या छोट्या लेकीला, यागोदाला, घेऊन राहायला आली. एका सकाळी ती तणतणतच स्वयंपाकघरात शिरली.

"आई, पोरगी रात्रभर ढुंगण खाजवत होती. बघितलं तर जंत! पांढरे, दोऱ्यासारखे. तुमच्या लाडक्याचेच उद्योग!"

"अगं, तो बिचारा..."

"कसला बिचारा? त्याचे मुके घेता, आणि त्याच हातानं पोरीला भरवता!"

 आपल्यामुळे नातीला त्रास झाला, हे आजीच्या मनाला फार लागलं. तिनं शारोला नेऊन शेजारच्या ख्रिस्तोच्या गोठ्यात बांधलं. तिथं शारोनं असा गळा काढला की ख्रिस्तो कुंपणावरून ओरडला, "वेलिका, तुझ्या नवऱ्याच्या मयतीलाही एवढं कुणी रडलं नव्हतं गं!"

आजीनं नातीला भोपळ्याच्या बिया सोलून चारल्या, लसूण चारला. खाज काही थांबेना. शेवटी तिघी खालच्या गावात डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

"हे माणसांचेच जंत," बाई म्हणाल्या. "कुत्र्यात राहत नाहीत. बालवाडीतून आणले असतील. नखांत अंडी अडकतात, बोट तोंडात गेलं की पोटात. घरातल्या सगळ्यांनी औषध घ्या, दोन आठवड्यांनी पुन्हा घ्या. नखं कापा, चादरी गरम पाण्यात धुवा."

गालिनाचा चेहरा पडला. आजी मात्र खुलली.

"पण कुत्र्याचे स्वतःचे जंत वेगळे, आणि त्यातले काही माणसालाही बाधतात," बाई पुढे म्हणाल्या. "त्याला कधी औषध दिलंय?"

"कधीच नाही," आजी पुटपुटली.

परत आल्यावर गालिना म्हणाली, "तुम्ही बसा आई, मी सोडवून आणते शारोला."

येताना जनावरांच्या डॉक्टरांकडून आणलेली गोळी आजीनं चीजमध्ये दडवली. शारोनं चीज गिळलं आणि गोळी अलगद जमिनीवर थुंकली. गालिनानं त्याचा जबडा उघडला, गोळी पार घशाशी ठेवली आणि तोंड मिटून गळा चोळला.

"माझ्या माहेरी होता असाच एक नाटकी कुत्रा," ती म्हणाली. "चला, हात धुवा आता."

संध्याकाळी ओट्यावर आजी शारोच्या डोक्यावर वाकलेली दिसली.

"आई! मुका नाही हं!"

"मुका कुठला गं? कानात सांगतेय काहीतरी."

गालिना खो खो हसत तिच्या शेजारी येऊन बसली.