सैल झालेली धाव

आत्याला घेऊन एका लग्नाहून परतताना हायवेवर जेवायला थांबलो. हॉटेलच्या दारात बैलगाडीचं जुनं चाक शोभेला उभं केलं होतं. रंग उडालेला, लाकूड उन्हानं आकसलेलं. त्याच्या घेरावरची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, इतकी सैल, की हात लावताच खुळखुळली आणि मला आमच्या गावचा सुतार आठवला. भट्टीत लाल केलेली धाव तो चाकावर बसवायचा, लगेच बाया घागरींनी पाणी ओतायच्या आणि वाफेच्या लोटात सगळे सांधे करकरत आवळले जायचे. पुढे दर उन्हाळ्यात गाड्या ओढ्यात उभ्या करायच्या, लाकूड फुगावं म्हणून. लोखंडाची पकड टिकायची ती लाकडातल्या ओलीवर. माणसांचंही तसंच असावं. गाव सुटलं आणि आमची ओल कधी गेली, कळलंच नाही.

आत्या जेवून बाहेर आली. चाकापाशी थबकली आणि बाटलीत उरलेलं पाणी तिनं हळूहळू त्याच्यावर ओतलं.

"अहो मावशी, ते शोभेचं आहे!" वेटर ओरडला.

"असू दे की. लाकूडच हाय न्हवं?"

मी खाली पाहिलं. पाणी जमिनीपर्यंत आलंच नव्हतं.